विहीणबाईंची विजेची गाडी

आधीच सांगून ठेवते, माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. साडीला फॉल लावताना माझा टाका सरळ रेषेत जातो, पण पेन हातात घेतलं की ओळ डोंगर चढायला लागते. ही वही नीलेशच्या कॉलेजची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती पडलीच तर ऱ्हस्व-दीर्घ तेवढं माफ करा.

तर सांगायचं ते असं, की आमच्या विहीणबाईंसारखी वस्तू न घेणारी बाई ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत शोधून सापडायची नाही. पैसे नाहीत म्हणून न घेणारे पुष्कळ असतात, त्यात मीही आले. विहीणबाईंचं तसं नाही. त्यांना पेन्शन आहे, डोंबिवलीला स्वतःचा ब्लॉक आहे. पण वस्तू न घेण्याचं काम त्या इतकं मन लावून करतात की वाटावं, आयुष्यभर ह्याचाच पगार घेत होत्या. छत्री घ्यायची तर दुकानात छत्री उघडून खाली उभ्या राहतात आणि दुकानदाराला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावतात. चपला घ्यायच्या तर पायात घालून शेजारच्या इमारतीचे तीन मजले चढून-उतरून येतात आणि तोवर दुकानदार बिचारा दारात त्यांची जुनी चप्पल सांभाळत उभा. एकदा उशी घ्यायला गेल्या आणि काउंटरवरच डोकं ठेवून बघायला लागल्या. त्यांना खरोखर झोप लागली. अर्ध्या तासाने उठल्या आणि म्हणाल्या, "उशी चांगली आहे, पण तुमच्या दुकानात वारा फार छान येतो. झोप उशीने लागली की वाऱ्याने, ते कसं कळणार?" आणि उशी न घेता घरी आल्या.

ह्या विहीणबाई म्हणजे माझी सून मानसी, तिची आई. मानसी लहान असतानाच त्यांचे यजमान गेले. त्यांनी तीस वर्षं वीज कंपनीच्या ऑफिसात बिलाच्या तक्रारीची खिडकी सांभाळली. सकाळी दहापासून लोक हातात बिल नाचवत यायचे आणि ह्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "ओरडू नका, आधी मीटर बघू." त्यामुळे तोंडाने सांगितलेल्या कुठल्याही आकड्यावर त्यांचा विश्वास नाही. विश्वास एकाच कागदावर, तो म्हणजे वीजबिल. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, कधी उठतात, कधी भांडतात, सगळं बिलावर दिसतं असं त्यांचं म्हणणं. नीलेशचं लग्न ठरवायला त्या आमच्या कल्याणच्या घरी आल्या, तेव्हा मी पत्रिका पुढे केली. त्या म्हणाल्या, "ती राहू दे. दोन वर्षांची वीजबिलं आहेत का?" आमचे हे गोंधळले. पण बिलं तारेला ओवून ठेवायची ह्यांची सवय, ती तारच आणून दिली. विहीणबाईंनी पोहे बाजूला ठेवून एकेक बिल वाचलं. मध्येच थांबून विचारलं, "ह्या फेब्रुवारीत घरात कोण आजारी होतं?" माझ्या अंगावर काटा आला. त्या महिन्यात माझ्या सासूबाई शेवटच्या दुखण्यात होत्या. रात्रभर दिवा, दोनदा पाणी तापवायचं. मी सांगितलं तशा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माणूस टाकत नाही. मुलगी दिली." त्या दिवशी मला ही बाई फार आवडली. ते आवडणं पुढे टिकलं नाही, ह्याला कारण नीलेश.

त्याच्या आधी त्यांची दुसरी खोड सांगते. लेकीच्या सासरचं फुकट खायचं नाही, असं त्यांच्या आजीपासून चालत आलेलं आहे. आमच्याकडे चहा प्यायल्या की जाताना बशीखाली पाच रुपयांचं नाणं ठेवतात. जेवल्या तर ताटाखाली वीस रुपये. पाडव्याला श्रीखंड-पुरी केली होती, तर पन्नासची नोट चार घड्या घालून ठेवलेली. मला आपण खाणावळ चालवतो असं वाटायचं. मी अशी की चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही, पण एकदा धीर करून विचारलंच, "तुम्ही सगळीकडेच असे पैसे ठेवता का?"

"छे हो!" त्या हसल्या. "लेकीच्या सासरीच फक्त. मैत्रिणीकडे कशाला ठेवीन? तिथे तर मी मागून दुसरा कप पिते."

मी कपबशी उचलून आत गेले. डोंबिवलीत कुठल्या तरी बाईच्या ओट्यापाशी बसून ह्या दुसरा कप मागून पितात, हे उगाचच माझ्या मनाला लागलं. नाणी मात्र मी कधी खर्च केली नाहीत. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत गेले.

रिटायर झाल्यावर विहीणबाई गाडी चालवायला शिकल्या. लायसन मिळालं, गाडी नव्हती. मग एका रविवारी आमच्याकडे चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं, की छोटी विजेवरची गाडी घ्यायची. "जन्मभर विजेने पोसलं, आता पेट्रोलवाल्यांचं घर कशाला भरू?" इथपर्यंत ठीक होतं. पुढचं वाक्य निघालं, "प्रश्न एवढाच, नवी घ्यावी का जुनी?" ह्या एवढ्याशा प्रश्नाने आमच्या घरातले दहा महिने खाल्ले. नवीची किंमत साडेआठ लाख, आणि दुकानाबाहेर पडली की तीही जुनी. जुनी पाच लाखांत मिळते, पण आधीच्या माणसाने बॅटरी कशी वापरली ते कुणी सांगावं? त्यांनी एक लांब वही केली. डाव्या पानावर नवी, उजव्या पानावर जुनी. एका आठवड्यात डावं पान भरायचं, दुसऱ्यात उजवं. ज्या दिवशी दोन्ही सारखी भरत, त्या दिवशी विहीणबाई फार आनंदात असत.

आणि ह्या सगळ्या फिरण्यासाठी त्यांना माणूस हवा होता, तो माझा मुलगा. नीलेश ऐरोलीला कंपनीत आहे. सकाळी सातला जातो, रात्री नऊला येतो, शनिवारीसुद्धा. मला तो रविवारचा मिळायचा. सकाळी बाजारातून मटण आणायचा, मग माझ्या मशीनपाशी स्टुलावर बसून सुया ओवायचा. माझी नजर आता दोऱ्याला पुरत नाही. लग्नाआधीपासूनचं त्याचं ते काम, आठवड्याला पुरतील अशा दहा सुया, दहा रंगांचे दोरे, सुयांच्या उशीला ओळीने टोचून ठेवायचा. ओवता ओवता ऑफिसातल्या गमती सांगायचा. तास-दीड तासच, पण तो माझा होता.

आता रविवारी सकाळी सात वाजता फोन वाजायला लागला. "नीलेश बाळ, उठलास का रे?" साठी उलटलेल्या बाईने माझ्या बत्तीस वर्षांच्या मुलाला बाळ म्हणावं, आणि त्याने पांघरुणातूनच म्हणावं, "हो आई, निघालोच." आई! घरात तो शब्द माझ्यासाठी होता. तो आता डोंबिवलीपर्यंत वाटला जात होता. मी ओट्यापाशी उभी राहून जोरजोरात भांडी लावायची. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "काहीतरी जळतंय वाटतं."

"गॅस बंद आहे," मी म्हणायची.

"म्हणूनच विचारलं."

जुनी गाडी बघायची विहीणबाईंची रीत अशी, की गाडीकडे नंतर बघायचं, आधी मालकाच्या घरात जाऊन वीजबिलं मागायची. गाडी घेतल्याच्या महिन्यापासूनची सगळी. गाडी घरी लावत असतील तर बिल वाढणार, आणि ते कसं वाढलं त्यावरून बॅटरीला कसं वागवलं ते कळणार. लोक आधी चिडायचे, मग घाबरायचे. ठाण्यात एका घरी गेले होते, तिथली गोष्ट नीलेशने मला घरी येऊन सांगितली. हसून हसून त्याला ठसका लागला होता. "अगं आई, ऐक ना! तो माणूस गाडीची एवढी तारीफ करत होता. आईंनी बिलं बघितली आणि म्हणाल्या, गाडी घेतल्यावर तुमचं बिल वाढलंच नाही, मग गाडी जेवली कुठे? तो म्हणाला, ऑफिसात लावायचो. आतून त्याची बायको आली, म्हणाली, ऑफिसात सोय नाही म्हणून तर विकतोय ना आपण? मग काय! गडी गप्प. शेवटी म्हणाला, आईकडे. मुलुंडला. रोज संध्याकाळी तासभर."

मानसीही हसत होती. "बायकोला पत्ताच नाही! दीड वर्ष!"

"मग घेतली का गाडी?" ह्यांनी विचारलं.

"छे! आई म्हणाल्या, भांडण लावून आणलेली गाडी नको."

मी कणीक तिंबायला आत गेले. मला हसू आलं नाही. मुलुंडला एक बाई आहे, तिचा मुलगा रोज संध्याकाळी गाडी चार्ज करायच्या निमित्ताने तासभर तिच्यापाशी बसतो. त्या बाईचा मला इतका हेवा वाटला की कणीक पातळ झाली.

पण सगळेच रविवार विहीणबाईंनी खाल्ले असं म्हणणं खरं नाही. दोन माझ्यामुळे गेले, तेही लिहिते. एका नव्या गाडीची परीक्षा चालली होती. विहीणबाईंचं म्हणणं, रिकामी गाडी कुणीही पळवील, भरलेली चढाला कशी चढते ते बघायला हवं. म्हणून नीलेश, मानसी, मागे पंचवीस किलो तांदळाचं पोतं, आणि वजन म्हणून मी. तशी मी कधी कुणाच्या मोजणीत नसते, तांदळाबरोबर का होईना, आले. त्या स्वतः चालवणार, शेजारी दुकानाचा माणूस. निघायच्या आधी वही उघडून त्यांनी एकेकाला विचारलं आणि माझ्यावर आल्या. "तुमचं वजन किती हो, नीलेशच्या आई?" परका पुरुष पुढे बसलेला! माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "पंचावन्न."

मग पत्रीपुलावरून चार वेळा वर, चार वेळा खाली. पाचव्यांदा वळल्या तेव्हा तो दुकानाचा माणूस हात जोडून म्हणाला, "मॅडम, घ्यायची नसेल तर तसं सांगा." दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन. हिशोब बसत नव्हता. गाडीने जेवढी वीज खायला हवी त्याच्यापेक्षा जास्त खाल्ली होती. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तांदूळ पुन्हा तोलला, तो बरोबर निघाला. "कुणीतरी मध्ये सहा-सात किलो खातंय," त्या म्हणाल्या आणि दुकानाच्या माणसाला त्यांनी स्टेपनी काढून तोलायला लावली. तिसऱ्या रविवारी नीलेश चप्पल घालत होता तेव्हा मला राहवलं नाही. विहीणबाई दारात उभ्या होत्या. मी भिंतीकडे बघत म्हटलं, "बासष्ट." कुणाला काही कळेना. "माझं वजन. बासष्ट आहे." मानसीने पदर तोंडात कोंबला. विहीणबाईंनी मात्र तिथेच वही उघडली, आकडा खोडून नवा लिहिला, बोटं मोजली आणि सुटका झाल्यासारखा चेहरा करून म्हणाल्या, "बघा, गाडी खोटी नव्हती!" मग तसंच दुकानात जाऊन त्या माणसाला सॉरी म्हणायचं ठरलं आणि नीलेशला घेऊन गेल्या. तो रविवारही गेला.

होळी झाली आणि एक गाडी सापडली. डोंबिवलीतल्याच एका रिटायर्ड मास्तरांची. मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते म्हणून विकत होते. त्यांची बिलं बघून विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "नीलेश, दर महिन्याला सारखं वाढलंय रे. गाडीला थोडं थोडं, वेळच्या वेळी दिलंय, लहान मुलाला भरवावं तसं." किंमत पाच लाख. विहीणबाईंकडे बाजूला काढलेले चार लाख चाळीस. कर्ज त्या काढत नाहीत. बँकेतली ठेव दिवाळीला सुटणार होती आणि मुदतीआधी ठेव मोडणं म्हणजे त्यांना कच्चा भात खाण्यासारखं वाटतं. आमच्याकडे बसून त्या म्हणाल्या, "मास्तर काही दिवाळीपर्यंत थांबणार नाहीत. जाऊ दे. तोवर अजून दहा-बारा बघून होतील. नीलेश आहेच."

नीलेश आहेच! आणि नीलेश मान डोलावत होता.

मी मशीनवर बसले होते. सुईत दोरा नव्हता. दिवाळी म्हणजे आठ महिने. मी मनात रविवार मोजले, ते तिसाच्या वर भरले.

माझे पोस्टात साठ हजार होते. फॉल-पिकोचे, पंधरा-वीस रुपयांनी साठवलेले. दोन पाटल्या करायच्या होत्या. लग्नातल्या पाटल्या ह्यांच्या आजारपणात विकल्या, तेव्हापासून मनगटं रिकामीच आहेत. ते मी काढले. कुणाला सांगितलं नाही. पिशवीत पैसे, वर दोन शिवायच्या साड्या टाकल्या आणि रिक्षाने एकटी डोंबिवलीला गेले. तीन मजले चढले. दार उघडल्यावर काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं, ते विसरले. पैसे टेबलावर ठेवले.

विहीणबाई मागे सरल्या. "लेकीच्या सासरचे पैसे घेऊ? अहो, आमच्या आजीला वर चक्कर येईल!"

"लेकीच्या सासरचे नाहीत," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "माझे आहेत. फॉल-पिकोचे. ह्यांनाही ठाऊक नाही."

त्या खुर्चीवर बसल्या. पैशांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "का देताय?"

माझा मुलगा मला परत हवाय, असं कसं सांगणार? मी म्हटलं, "गाडी चांगली आहे. बिलं चांगली आहेत."

हे ऐकल्यावर त्या विरघळल्या. पण विहीणबाईच त्या. अटी लिहून काढल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच हजार, बारा महिने, स्वतः आणून हातात देणार. फोनवरून पाठवणार नाहीत, कारण फोनमधले पैसे दिसत नाहीत. "आणि व्याज?"

"व्याज नको."

"नको कसं? मग असं करू. दर खेपेला तुम्ही म्हणाल तिथे तुम्हाला गाडीतून नेऊन आणीन. ते व्याज."

मी हो म्हटलं. गाडी आठवड्यात आली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, नीलेशने पेढे वाटले आणि मला वाटलं, चला, जिंकले.

पहिल्या मोकळ्या रविवारी मी पाचला उठले. वाटण वाटलं. दहा सुया, दहा रिळं स्टुलावर मांडून ठेवली. नीलेश अकराला उठला. जांभई देत म्हणाला, "आई, दहा महिन्यांनी रविवार मिळालाय गं! मी आणि मानसी पिक्चरला जाऊन येतो. जेवायला थांबू नकोस." पुढच्या रविवारी त्याच्या मित्रांची मॅच होती. रविवार सुटला होता, पण तो माझ्याकडे आला नाही. मुलगा सासूने नेला असता तर तिला बोल लावता आला असता. हा तर नुसता मोठा झाला होता, आणि त्यासाठी भांडायला मला कुणी मिळेना.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला खिडकीबाहेर हॉर्न वाजला. विहीणबाई. एकट्या गाडी चालवत आल्या होत्या. पाकिटाला हळद-कुंकू लावलेलं, आत पाचशेच्या दहा नोटा. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून गजांतून वायर आत घेतली, मशीनशेजारच्या मोठ्या प्लगला लावली, मीटरचा आकडा वहीत लिहिला. गाडी तासभर जेवणार, तोवर काय करायचं? त्यांची नजर स्टुलाकडे गेली. काही न विचारता बसल्या आणि सुया ओवायला लागल्या. रंगांवरून साड्यांच्या मालकिणींची चौकशी केली. दहा झाल्या तेव्हा म्हणाल्या, "नीलेश रिळं उलटी लावून ठेवतो, दोरा गुंतणार नाही तर काय?" मला आतून बरं वाटलं, हे मी कबूल करते. जाताना बशीखाली चहाचे पाच आणि दोन युनिटांचे वीस रुपये होते.

मग दर महिन्याला व्याज. पहिल्यांदा मला कुठे जायचं तेच सुचेना, मी टिटवाळ्याचा गणपती म्हटलं. मग एकदा गांधारीच्या पुलावरून खाडी बघायला. एकदा ठाण्याच्या तलावपाळीला, तिथे आइस्क्रीम खायचं ठरलं आणि चार गाड्यांवर चौकशी करून होईपर्यंत पाचवा बंद करून घरी गेला. माझं जळणं काही थांबलं नव्हतं. विहीणबाई वळणावर एका हाताने गाडी वळवायच्या आणि माझा हात अजून रिक्षाच्या दांडीला धरल्यासारखा दाराला घट्ट. सिग्नलवरचे पोरगे त्यांना मॅडम म्हणायचे, मला मावशी. नीलेश त्यांची गाडी पुसून द्यायचा, माझ्या मशीनवर त्याने कधी फडकं मारलं नाही. पण पुढच्या सीटवर मी बसायची. तिथे मानसीलासुद्धा बसू देत नसत. "ती जागा व्याजाची आहे," म्हणायच्या.

पावसाळा संपल्यावर मी माझं गाव सांगितलं, मुरबाडच्या पुढे. माहेरचं आता कुणी नाही. शाळा होती तिथे गाडी थांबवली. त्यांनी विचारलं, "चौथीनंतर का सोडलीत?"

"पाचवीची शाळा पुढच्या गावाला होती. मुलीला एवढं लांब कोण सोडणार?"

त्यांनी गाडीतला आकडा बघितला आणि गाडी पुढच्या गावापर्यंत नेली. शाळेच्या फाटकापाशी उभी केली. परत आकडा बघितला. "साडेतीन किलोमीटर," त्या म्हणाल्या. "चार रुपयांची वीज." मग गाडी वळवली.

गेल्या रविवारी बारावं पाकीट आलं. वायर लावली, मीटरकडे मात्र त्यांचं लक्ष दिसलं नाही. पाकीट माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "मोजून घ्या."

मी मोजले. दहा नोटा मोजायला मी इतका वेळ कधी लावला नसेल.

"फिटले?"

"फिटले," मी म्हटलं.

"आता पाटल्या करून टाका. सोनं रोज वाढतंय."

"घाई काय आहे? दोन-चार दुकानं बघू आधी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, तक्रारीच्या खिडकीतून बघत असतील तसं. "बघू म्हणजे कोण कोण?"

मी आधण ठेवायला वळले. त्यांनी चहा घेतला, स्टुलावर बसून दहा सुया ओवल्या, उशीला ओळीने टोचल्या. मग रिकामा कप माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "अजून अर्धा आहे का हो?" मी गाळणीतला सगळा ओतला. तो पिऊन त्यांनी वायर गुंडाळली, पदर सावरला आणि गेल्या. कोपऱ्यावर वळताना एकदा हॉर्न वाजला.

मी कप उचलला. बशी उचलली. खाली काही नव्हतं. नाणं घरंगळलं असेल म्हणून चटई झटकली, स्टुलाखाली वाकून बघितलं. तेवढ्यात नीलेश डोळे चोळत बाहेर आला.

"काय शोधतेयस गं आई?"

"काही नाही."

तो मशीनपाशी येऊन उभा राहिला. "सुया ओवायच्या आहेत का तुझ्या?"

"झाल्या," मी म्हटलं.

साठ हजार रुपये पूर्ण मिळाले. ते इथे लिहून ठेवते, कारण विहीणबाई म्हणतात, तोंडाने सांगितलेल्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवू नये.